कमर्शियल बिल्डिंगच्या छपरावर सोलर बसवताना फायर कोडप्रमाणे जागा कशी सोडायची: पहिल्या मोजणीपासून इन्स्पेक्शनपर्यंत

सोलरचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, किती किलोवॅट बसतील? आणि गडबड तिथूनच सुरू होते, कारण लेआउट करणारा सॉफ्टवेअर उघडतो, आख्खं छप्पर पॅनेलने भरून टाकतो, तोच आकडा मालकाला सांगितला जातो, आणि मग ड्रॉइंग फायर डिपार्टमेंटकडून परत आलं की कोपरे कापा, रांगा काढा, स्ट्रिंग (एकमेकांना जोडलेल्या पॅनेलच्या माळा) पुन्हा जुळवा असं सगळं सुरू होतं. माझं म्हणणं एकच आहे, आधी वाटा आखा आणि मग उरलेल्या जागेत पॅनेल बसवा. खालचं सगळं याच क्रमाने लिहिलंय.

आकडे घेतलेत ते इंटरनॅशनल फायर कोडमधले, म्हणजे आयएफसी. अमेरिकेत बहुतेक राज्यं थोडेफार बदल करून हाच वापरतात. असाच दुसरा नमुना कोड (राज्यांनी स्वीकारण्यासाठी तयार केलेला) म्हणजे एनएफपीए १, त्यातले व्यावसायिक इमारतींचे मुख्य आकडेही जवळपास हेच आहेत. तुमच्याकडे वेगळा कोड असेल तर आकडे बदलतील, पण विचार करायची पद्धत तीच राहते.

ही जागा नेमकी कोणासाठी?

हे आधी डोक्यात पक्कं बसू दे, म्हणजे पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत. मोठ्या सपाट छपराच्या दुकानात किंवा गोदामात आग लागली की धूर आणि तापलेले वायू छपराच्या खाली साचत जातात, आत काही दिसत नाही आणि उष्णता इतकी वाढते की होज घेऊन आत शिरलेल्या टीमला पुढे सरकता येत नाही. म्हणून दुसरी टीम शिडीने छपरावर चढते, आगीच्या वरच्या बाजूला करवतीने भोक पाडते आणि धुराला वाट करून देते. म्हणजे छपरावर त्यांची तीन कामं असतात, चढायचं, चालायचं, कापायचं. कोडमधली प्रत्येक मोकळी पट्टी या तीनपैकी एका कामासाठी आहे. आता तीस-चाळीस किलो सामान अंगावर, तोंडावर मास्क, पायाखालचं धड दिसत नाही अशा माणसाला तुमच्या छपरावरून धावत जायचंय असं समजून लेआउट बघा, पट्टी चार फुटांची का ते आपोआप कळतं.

पॅनेलची अडचण अशी की ते कापता येत नाही, पटकन उचलता येत नाही, आणि उजेड आहे तोवर त्यात व्होल्टेज असतं. बिल्डिंगचा मेन स्विच पाडला तरी पॅनेल आपलं काम करतच राहतं. रात्री तरी सुरक्षित असेल असं वाटतं, तर यूएल या अमेरिकेतल्या सुरक्षा-चाचणी संस्थेने २०११ साली केलेल्या चाचण्यांमध्ये दिसलं की फायरच्या गाडीवरच्या मोठ्या दिव्यांच्या उजेडातसुद्धा धोकादायक करंट तयार होऊ शकतो. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यू जर्सीत डेलँको इथे एका मोठ्या कोल्ड स्टोरेज गोदामाला आग लागली, छपरावर ७,००० पेक्षा जास्त पॅनेल होते, आणि शॉकच्या भीतीने फायरफायटरना छपरावर जाऊन नेहमीसारखं काम करता आलं नाही, गोदाम गेलं. अशा आगीनंतर हे नियम कोणाला कागदी वाटू नयेत.

पायरी १: कोणता कोड, कोणती आवृत्ती ते लेखी घ्या

सोलरचे हे नियम आयएफसीमध्ये २०१२ च्या आवृत्तीत आले, तेव्हा कलम ६०५.११ होतं. २०१८ मध्ये ते १२०४ झालं आणि २०२१ पासून १२०५. हे सांगतोय कारण जुन्या ड्रॉइंगवर जुना नंबर असतो, कोणीतरी तेच कॉपी करतं आणि तपासणाऱ्याला पहिल्याच पानावर शंका येते. तुमच्या भागात कोणती आवृत्ती लागू आहे, स्थानिक बदल काय आहेत, हे फायर डिपार्टमेंटला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. विमा कंपनीलाही याच वेळी विचारून घ्या, मोठ्या मालमत्तेला त्यांच्या अटी कोडपेक्षा कडक असू शकतात, आणि पॅनेल बसल्यावर ते कळणं फार महागात जातं.

आणखी एक, छप्पर घरासारखं उतरतं असेल, म्हणजे छोटं ऑफिस किंवा क्लिनिक वगैरे, तर फायर अधिकारी घरांचे नियम लावायला परवानगी देऊ शकतो. पण ते त्याने ठरवायचं, आपण गृहीत धरायचं नाही. पार्किंगवरची सुटी सोलर शेड मात्र छपरावरच्या या वाटांच्या नियमातून वगळलेली आहे, त्यामुळे जागा कमी पडत असेल तर त्या पर्यायाचा विचार जरूर करा.

पायरी २: टेप घेऊन छपरावर जा

सॅटेलाइट फोटोवर लेआउट करून मोकळं होणं हा या धंद्यातला सगळ्यात वाईट शॉर्टकट आहे. फोटोत पॅरापेटची (छपराच्या कडेची बुटकी भिंत) जाडी कळत नाही, गॅसचे पाइप दिसत नाहीत, आणि स्मोक व्हेंट (धूर बाहेर सोडायचं छपरावरचं झाकण) कोणता आणि साधं स्कायलाइट कोणतं हे तर अजिबातच कळत नाही. वर जाऊन या गोष्टी मोजून नकाशावर टाका: पॅरापेटची आतली कड, छपरावर यायचं हॅच किंवा जिन्याचं दार, स्टँडपाइप (फायरची होज जोडायचा पाण्याचा उभा पाइप) असेल तर तो, सगळे स्मोक व्हेंट आणि ते कोणत्या प्रकारचे आहेत, स्कायलाइट, एसीची युनिट, पाइप आणि केबल ट्रे, एक्सपान्शन जॉइंट, पाणी निघायची तोंडं.

मग खाली उतरा आणि बिल्डिंगभोवती एक चक्कर मारा. फायरची शिडी कुठे लागेल? कोड म्हणतो की चढायची जागा अशी हवी जिथे शिडी खिडकी किंवा दारावरून टेकवावी लागणार नाही, बांधकाम तिथे मजबूत असेल, आणि वर झाडाच्या फांद्या, वायरी, बोर्ड आडवे येणार नाहीत. या जागा नकाशावर खुणा करून ठेवा, वाटा इथूनच सुरू व्हायला हव्यात. हे बरेच जण करत नाहीत आणि मग वाट असते पण तिच्या टोकाला शिडीच लागत नाही.

पायरी ३: कडेची पट्टी

नियम असा की छपराच्या सगळ्या कडांना आतून ६ फूट, म्हणजे साधारण १.८ मीटर, मोकळी पट्टी हवी. सूट अशी की इमारतीची कोणतीही एक बाजू २५० फूट किंवा त्याहून कमी असेल तर पट्टी ४ फुटांपर्यंत, म्हणजे १.२ मीटर, कमी करता येते.

आता यातल्या "कोणतीही एक" वर बराच वाद होतो. शब्दशः वाचलं तर ३०० बाय २०० च्या इमारतीला सूट मिळते, कारण २०० ही बाजू २५० च्या आत आहे. पण दोन्ही बाजू २५० च्या आत हव्यात असं धरणारे अधिकारीही भेटतात. भांडत बसू नका, पायरी १ मधल्या ईमेलमध्येच हा प्रश्न टाका. आणि खरं सांगायचं तर शक्य असेल तिथे सूट मिळत असूनही मी ६ फूट ठेवायला सांगेन, त्याचा हिशोब पुढे दाखवलाय, नुकसान वाटतं तेवढं नाहीये.

मोजायचं कुठून कुठपर्यंत? कोडमधला शब्द आहे मोकळी, म्हणजे प्रत्यक्ष चालता येईल ती रुंदी. पॅरापेटच्या आतल्या कडेपासून धरा, भिंतीची जाडी त्यात मोजू नका. दुसऱ्या बाजूला पॅनेलची कड नाही, तर जे सगळ्यात बाहेर आलंय ते धरा. बॅलास्टवाल्या रॅकमध्ये, म्हणजे छपराला न ठोकता वजनावर बसणाऱ्या पॅनेलच्या सांगाड्यात, काँक्रीटचे ब्लॉक ठेवायचे ट्रे आणि वारा अडवायचे पत्रे पॅनेलच्या बाहेर येतात, ड्रॉइंगवर ४ फूट बरोबर दिसतात आणि जागेवर टेप लावली की साडेतीनच भरतात. म्हणून ड्रॉइंगमध्येच चार-सहा इंच जास्त धरून चला.

पायरी ४: आतल्या वाटा

इथे तीन गोष्टी बघायच्या. एक, लांबी आणि रुंदी दोन्ही दिशांना जास्तीत जास्त १५० फुटांवर वाट यायलाच हवी, म्हणजे पॅनेलचा कुठलाही सलग गट १५० बाय १५० फुटांपेक्षा मोठा होत नाही. दोन, छपरावरच्या स्टँडपाइपकडे आणि व्हेंटिलेशन हॅचकडे जाणारी किमान ४ फुटांची वाट सरळ रेषेत हवी. वळणं घेत जाणारी चालत नाही, धुरात माणूस रेषेत चालतो. तीन, छपरावर यायच्या हॅचभोवती ४ फूट मोकळे हवेत, आणि तिथून किमान एक वाट थेट पॅरापेटपर्यंत किंवा छपराच्या कडेपर्यंत जायला हवी. हे तिसरं का, तर हॅचमधून वर आलेल्या माणसाला खाली आग पेटली म्हणून त्याच हॅचने परत जाता येत नसेल, तर कडेला पोचून शिडीने उतरता यायला हवं.

वाट कुठून न्यायची यालाही महत्त्व आहे. छपराचा जो भाग माणसांचं वजन पेलतो त्यावरूनच न्या, शक्यतो खालच्या बीमच्या किंवा भिंतीच्या रेषेवरून, आणि हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. स्कायलाइटवरून वाट कधीच काढू नका, स्कायलाइट म्हणजे चालायची जागा नव्हे. आगीत खालचा सपोर्ट कमजोर झालेला असतो, त्यात चार जण एकाच पट्टीवर उभे, म्हणून हा मुद्दा मला पट्टीच्या रुंदीपेक्षाही मोठा वाटतो.

वाटेत आडवे पाइप, कन्ड्यूट (वायरी नेायच्या नळ्या), केबल ट्रे येऊ देऊ नका. एखादा आडवा नेणं टाळताच येत नसेल तर त्यावर पक्का क्रॉसओव्हर, म्हणजे ओलांडायचा छोटा पूल, बसवा आणि तो ड्रॉइंगवर दाखवा.

पायरी ५: धुरासाठीची जागा, जिथे बहुतेक ड्रॉइंग अडकतात

लोक वाटा नीट आखतात आणि हे विसरतात. वाट चालायला आहे, ही जागा कापायला आहे. पॅनेलच्या दोन गटांमध्ये खालीलपैकी एक तरी पर्याय लागतो.

पहिला पर्याय सरळ आहे, दोन गटांमध्ये ८ फुटांची, म्हणजे साधारण २.४ मीटरची पट्टी सोडायची. तिच्यावर उभंही राहता येतं आणि छप्पर कापताही येतं.

दुसरा, छपरावर ग्रॅव्हिटीवर चालणारे ड्रॉपआउट स्मोक व्हेंट आधीच असतील, म्हणजे उष्णतेने मऊ होऊन आपोआप खाली पडणारे, तर त्यांच्या किमान एका बाजूला ४ फुटांची वाट पुरते.

तिसरा, ४ फुटांची वाट ठेवायची आणि तिच्या कडेला दर २० फुटांवर, आलटून पालटून एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, ४ बाय ८ फुटांची मोकळी चौकट सोडायची. फायरफायटर वाटेवर उभे राहून त्या चौकटीत भोक पाडतात.

आणि व्हेंट ग्रॅव्हिटीवाले नसून यंत्रणेने उघडणारे असतील तर त्यांच्या चारही बाजूंना ४ फूट मोकळे ठेवायचे, तिथे एका बाजूवर भागत नाही. म्हणूनच पायरी २ मध्ये व्हेंटचा प्रकार लिहून घ्यायला सांगितलं.

तिसरा पर्याय कागदावर फार आकर्षक दिसतो, म्हणून एक हिशोब करू. छप्पर ३०० बाय २०० फूट, म्हणजे ६०,००० चौरस फूट. कडेला ४ फूट सोडले की आत २९२ बाय १९२ उरतं. दोन्ही दिशांना मधोमध ८ फुटांची एकेक वाट काढली तर १४२ बाय ९२ चे चार गट होतात, १५० च्या नियमात आरामात बसतात, आणि एकूण जागा मिळते ५२,२५६ चौरस फूट, छपराच्या ८७ टक्के. आता कडेला ४ ऐवजी ६ फूट ठेवा. चार गट १४० बाय ९० चे, एकूण ५०,४००. फरक १,८५६ चौरस फूट, छपराच्या ३ टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यासाठी अधिकाऱ्याशी वाद, आणि कडेला सावली पाडणारा पॅरापेट असेल तर ती जागा तशीही कामाची नव्हती.

आता १९२ फूट लांबीची मधली वाट ८ ऐवजी ४ ची करून चौकटी सोडल्या तर काय होतं? ४ बाय १९२, म्हणजे ७६८ चौरस फूट परत मिळाले, त्यातून ३२ चौरस फुटांच्या ९ चौकटी, २८८ गेले, हाती राहिले ४८०. पण पॅनेलची मापं ४ बाय ८ शी जुळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक चौकटीपाशी आणखी थोडी जागा वाया जाते, रांगा तुटतात, स्ट्रिंग वाकड्यातिकड्या फिरवाव्या लागतात. बहुतेक छपरांवर सरळ ८ फुटांची पट्टीच परवडते, आणि आगीच्या वेळी तीच समजायला सोपी असते.

वरच्या हिशोबात एसी युनिट, हॅच, व्हेंट काहीच धरलेलं नाही, खरं छप्पर यापेक्षा कमीच देणार. मालकाला पहिला आकडा सांगताना हे ध्यानात असू द्या.

पायरी ६: वायरिंग, स्विच आणि पाट्या

मोकळी जागा सोडली आणि तिच्यातून पॅनेलकडून येणारी जिवंत डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) केबल नेली तर उपयोग काय? कंबाइनर बॉक्स (अनेक स्ट्रिंगच्या तारा एकत्र करणारी पेटी) अशा जागी ठेवा की वाटा ओलांडणारे कन्ड्यूट कमीत कमी होतील. बिल्डिंगच्या आतून डीसी न्यायचीच असेल तर मेटलच्या कन्ड्यूटमधून, आणि छताला खालून चिकटून नव्हे, कारण वरून करवत नेमकी तिथेच येते.

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये कलम ६९०.१२ आहे, रॅपिड शटडाउनचं, म्हणजे एका स्विचने छपरावरच्या तारांतलं व्होल्टेज झटपट उतरवण्याचं. २०१४ ला आलं आणि २०१७ च्या आवृत्तीत कडक झालं: स्विच दाबल्यापासून ३० सेकंदांत पॅनेलच्या गटाच्या सीमेबाहेरच्या तारा ३० व्होल्टच्या आत यायला हव्यात, आणि सीमा धरायची गटापासून १ फूट. सीमेच्या आत ८० व्होल्टची मर्यादा, ही अट २०१९ पासून लागू झाली. त्यासाठी प्रत्येक पॅनेलखाली छोटं उपकरण बसवणं हा नेहमीचा मार्ग, किंवा यूएल ३७४१ प्रमाणे तपासलेली पूर्ण सिस्टीम घेता येते. शटडाउन आहे म्हणून वाटा कमी करता येतील असं मात्र समजू नका, या दोन वेगळ्या अटी आहेत.

ग्राउंड फॉल्टचं (तारेतली वीज धातूच्या सांगाड्यात किंवा जमिनीत गळणं) संरक्षणही नीट बघून घ्या. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला एका मोठ्या दुकानाच्या छपरावर आग लागली, पहिला ग्राउंड फॉल्ट लहान असल्याने इन्व्हर्टरच्या (डीसी विजेचं नेहमीच्या वापराच्या विजेत रूपांतर करणारं यंत्र) फ्यूजला तो कळलाच नव्हता आणि दुसरा फॉल्ट झाल्यावर मोठा करंट वाहिला. केबल विस्तारते-आकुंचन पावते, कन्ड्यूटच्या जोडावर घासते, इन्सुलेशन जातं, हे लांब सपाट छपरांवर होतंच, म्हणून एक्सपान्शन जोड विसरू नका.

पाट्यांचं थोडक्यात: रॅपिड शटडाउनचा स्विच कुठे आहे आणि छपराचा कोणता भाग बंद होतो हे दाखवणारी पाटी वीज यायच्या मुख्य जागेपाशी लावा. डीसी कन्ड्यूटवर लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरात इशारा, उन्हात न उडणाऱ्या रंगात, दर १० फुटांवर आणि वळणाच्या व भिंतीतून जाण्याच्या दोन्ही बाजूंना.

इन्व्हर्टर आणि विजेच्या वितरण बोर्डापुढे काम करायला जागा वेगळी लागते, व्होल्टेजप्रमाणे खोली ३ फूट किंवा जास्त आणि रुंदी किमान ३० इंच. देखभाल लागणारं उपकरण छपराच्या कडेपासून १० फुटांच्या आत असेल आणि ती कड खालच्या पातळीपासून ३० इंचांपेक्षा जास्त उंच असेल तर कठडा लागतो, म्हणून इन्व्हर्टर कडेला नेऊच नका.

पायरी ७: छपराचा फायर क्लास

फायर क्लास म्हणजे बाहेरून येणाऱ्या आगीला छप्पर किती तोंड देतं त्याची श्रेणी, ए सगळ्यात चांगली. पॅनेलचा क्लास, रॅकचा क्लास असं वेगळं वेगळं बघून चालत नाही. इंटरनॅशनल बिल्डिंग कोडला पॅनेल आणि रॅक मिळून सिस्टीमचा क्लास छपराला लागणाऱ्या क्लासएवढा, ए, बी किंवा सी, असलेला हवा. कारण पॅनेल आणि छप्पर यांच्यामधल्या फटीत ज्वाळेची उष्णता अडकते, पॅनेल ती परत छपराकडे फेकतं, आणि उघड्यावर सहज न पेटणारं छप्पर त्या फटीत भराभर पेटत जातं. म्हणजे रॅकच्या सर्टिफिकेटवर कोणत्या टाइपच्या पॅनेलबरोबर आणि किती उतारावर चाचणी झाली ते वाचा. सप्लायरने शेवटच्या क्षणी पॅनेलचा ब्रँड बदलला तर हे पुन्हा तपासायचं, इथे खूप जण फसतात.

पायरी ८: ड्रॉइंग आणि इन्स्पेक्शन

फायरच्या तपासणीसाठी एक वेगळी शीट करा, इलेक्ट्रिकलच्या रेषांत कोंबू नका. तिच्यावर फक्त छप्पर, वाटा छायांकित करून आणि प्रत्येकीची रुंदी लिहून, शिडीच्या जागा, हॅच, व्हेंटचे प्रकार, स्टँडपाइप, शटडाउनचा स्विच, आणि कोणत्या कलमाखाली कोणती सूट घेतली ते. तपासणाऱ्याला दोन मिनिटांत सगळं दिसलं तर प्रश्न कमी येतात.

रॅक उभा राहायच्या आधी छपरावर खडूने किंवा दोरीने वाटा आखून टेपने मोजा, आणि फोटो काढा. टीमच्या मुकादमाला आकडा नुसता सांगू नका, ४ फुटांची काठी कापून हातात द्या, प्रत्येक रांग झाली की काठी फिरवायची. शेवटच्या इन्स्पेक्शनला अधिकारी साधारण हेच करतो, आणि त्या वेळी सहा इंच कमी भरले तर आख्खी रांग उखडावी लागते.

जमलं तर जवळच्या फायर स्टेशनच्या टीमला एकदा छपरावर बोलवा. स्विच कुठे, वाटा कुठून, हे त्यांनी शांतपणे डोळ्यांनी बघितलेलं असलं की रात्री दोन वाजता फरक पडतो.

नंतरची देखभाल

बसवल्यावर वाटा हळूहळू भरत जातात. एसीवाला नवीन युनिट आणून वाटेत ठेवतो, कोणी डिश लावतं, छप्पर दुरुस्तीवाले उरलेले रोल तिथेच सोडून जातात, तुटलेली पॅनेल पट्टीवर रचून ठेवली जातात. बिल्डिंगच्या करारात लिहून टाका की छपरावर काहीही ठेवायच्या आधी फायर शीट बघायची, आणि वाटांच्या कडा छपरावर न उडणाऱ्या पेंटने रंगवून घ्या. वर्षातून एकदा तीच काठी घेऊन फिरा, पाट्या वाचता येतात का बघा, शटडाउन प्रत्यक्ष चालवून मीटरवर व्होल्टेज उतरतंय का ते मोजून तारखेसह लिहून ठेवा. पुढे पॅनेल वाढवायचे असतील तर जुनी मंजुरी त्यांना लागू होत नाही, नवीन शीट करून पुन्हा पायरी १ पासून जायचं.